सूपभर कोंड्याचा सौदा

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. फक्त एक करा. मध्येच चांदबी इकडे आली तर विषय बदला. विचारलंच तर म्हणा, ज्वारीचं बोलत होतो. ही फजिती ती माझ्यापेक्षा चांगली सांगते, आणि तिच्या तोंडून ऐकलीत तर माझी उरलीसुरली इज्जतही गेली समजा.

आधी माझी अक्कल किती ते सांगून ठेवतो, म्हणजे पुढं नवल वाटणार नाही. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. दुसरीत दोनदा बसलो, म्हणजे तिसरी झाल्यासारखीच. वय एकोणीस. डोक्यात आलेली गोष्ट पायात यायला मला पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही. मध्ये थांबून विचार करायची जागाच देवानं ठेवलेली नाही.

ती जागा आमच्या अक्काकडे होती. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. अक्कानंच मला वाढवलं, अक्कानंच मारलं, अक्कानंच जवळ घेतलं. हिंगोलीला लग्न होऊन गेली, दाजी तिथं कापसाच्या जिनात कामाला. पहिल्या बाळंतपणाला इकडे गोरेगावला आली आणि नवव्या दिवशी तापानं गेली. अजून सहा महिने झाले नाहीत. मी हसवत बसलोय म्हणून मला दगड समजू नका. न हसवता सांगायला गेलो तर मला सांगताच येत नाही.

तर, लेकरू राहिलं. घरात कोण? मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबा तर त्या दिवसापासून बोलायचेच बंद झाले होते. सकाळी उठायचे, बैल सोडायचे, संध्याकाळी बांधायचे. लेकराकडे बघायचेसुद्धा नाहीत. डोळे अक्काचेच आहेत त्याचे, म्हणून असेल.

शेजारच्या सोनाकाकीनं सुरुवातीला तिच्या सुनेचं दूध पाजलं, मग आम्ही शेळी घेतली. पण दाजींनी स्पष्ट सांगितलं, "किस्ना, घरात बाईमाणूस न्हाई. लेकराला नीट बघणारी कुणी मिळाली तर राहू दे. न्हाईतर मी त्याला आत्याकडं नेतो, कळमनुरीला."

आत्या म्हणजे दाजींची थोरली बहीण. बाई वाईट नाही. पण कळमनुरी लांब आहे हो. अक्का गेली ती गेलीच, आता तिचं एवढंसं उरलेलंही गाडीत घालून न्यायचं? मी म्हटलं, दाजी, बाई शोधतो. जगात कुठून तरी शोधतो.

पण बाई कशी शोधायची हे मला कुठं माहीत? मला फक्त बैल बघता येतो. मी बाजाराच्या दिवशी फिरलो आणि ज्या बाया आल्या त्यांना जे सुचलं ते विचारलं. वय किती? दात सगळे आहेत का? काही खोड आहे का? याआधी कुणाकडे होता, आणि त्यांनी काढलं काहून?

सोनाकाकीनं ते ऐकलं. म्हणाली, "अरं, बाई बघून राहिलास का गोऱ्हा? आता शेपूट बघायची ठेवू नकोस."

एक बाई तर मला फारच पसंत पडली होती. गोड बोलायची. म्हणाली, "बाबा, तुमी बिनघोर शेतावर जा. लेकरू दिवसभर हूं का चूं करायचं न्हाई." मी खूश. म्हटलं, अशी काय जादू आहे? तर तिनं कनवटीची पुरचुंडी दाखवली. "मोहरीएवढी अफू चाटवायची. सांजच्यापर्यंत गुमान झोपतंय."

त्या बाईला मी गावाबाहेर ओढ्यापर्यंत सोडून आलो. तिनं पुढं पळायचं, मी मागं, हातात काठी.

तेव्हा कुणीतरी पिंजाऱ्याच्या चांदबीचं नाव काढलं. नवरा वारलेला, मुलगा गाद्यांचा कापूस पिंजतो. स्वतःची पाच आणि गावातली मोजता येणार नाहीत इतकी लेकरं हातावर खेळवलेली. मी निरोप धाडला. ती आली, आणि मी ऐटीत ओट्यावर बसून पहिला सवाल टाकणार तोच तिनं मला विचारलं, "आडाला झाकण कुठं हाय?"

"झाकण न्हाई."

"विळा खाली काहून पडला?"

"आत्ताच ठेवला."

"शेळीचं भांडं कोण घासतं? राखेनं घासतं का मातीनं?"

मी घाम पुसला. ती घरात शिरली. आढ्याला झोळी टांगली होती, अक्काच्या जुन्या लुगड्याची. तिनं दोर हातात घेऊन ओढून बघितला. "हा दोर कशाचा?"

"जुन्या कासऱ्याचा. मजबूत हाय."

"मजबूत हाय? बस मग ह्याच्यात."

"मी?"

"तूच. भरवसा हाय ना?"

आता भरवशाचा सवाल आला की माझ्यासारखा माणूस मागं हटतो होय? बसलो. दोन झोके बरे गेले. तिसऱ्याला दोर तुटला आणि मी जमिनीवर असा आदळलो की गोठ्यातली शेळी दावं तोडून बाहेर आली.

चांदबी शांतपणे म्हणाली, "लेकराचं वजन कमी हाय, बराबर. पण लेकरू वाढतं, दोर न्हाई वाढत. नवा दोर आण. मी उद्यापासून येते."

तुम्ही सांगा, बाई मी ठेवली का बाईनं मला ठेवलं?

पण काम कसं करायची म्हणता. आडावर फळ्या बसवून घेतल्या. चुलीपुढं विटांची आडकाठी केली. दूध स्वतःच्या मनगटावर टाकून बघितल्याशिवाय लेकराच्या ओठाला लावायची नाही. पंधरा दिवसांत लेकराच्या दंडाला वळ्या पडल्या.

आणि माझ्या डोक्यात किडा पडला.

त्याचं असं झालं. न्हावी हजामत करताना म्हणाला, "परक्याच्या हातात लेकरू दिलंस. नजर ठेव बाबा." एवढंच. त्याला काय, त्याला हात चालू असताना तोंडही चालवावं लागतं. पण मी नजर ठेवायला लागलो, आणि एकदा ठेवली की सगळ्यात काहीतरी दिसतंच. झोळीचं लुगडं ती धुवायची नाही. बाकी सगळं धुवायची, तेवढं सोडून. मी म्हटलं, सापडली. कामचुकार.

"ते लुगडं काहून धूत न्हाईस?"

ती झोळी हलवत होती. म्हणाली, "त्याला वास हाय अजून. त्याच्या मायचा. लेकराला कळतो. जाईल तेव्हा जाईल, मी काहून घालवू?"

मी गोठ्यात गेलो. बैलाला चारा टाकला. बैलापुढं चारा आधीच होता.

तिथंच हा किस्सा संपला असता तर बरं झालं असतं. पण पुढच्या शनिवारी मी कुळवाची पास, म्हणजे लोखंडी पातं, घरी विसरलो. दुपारी परत आलो तर गोठ्याच्या कुडापलीकडून चांदबी आणि सोनाकाकीचं बोलणं ऐकू आलं. आणि एक लक्षात घ्या, ऐकण्यात माझी काडीचीही चूक झाली नाही. शब्द न् शब्द असाच होता.

सोनाकाकी म्हणाली, "मंगळवारी उरकून टाकू. किस्ना शेतावर गेला की."

चांदबी म्हणाली, "मी काय देऊ पण?"

"सूपभर कोंडा दे. लई झाला."

"बरं. पण एकदा घेतलं की लेकरू माझं. मग कुणी मागायचं न्हाई."

"कोण मागतंय? आन् किस्नाला पत्ता लागू द्यायचा न्हाई, त्याच्या बापालाबी न्हाई."

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?  भाच्याची विक्री. तीही आमच्याच दारात, आमच्याच शेजारणीकडून. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त झोंबलं ते कोंड्याचं. कोंडा? अक्काचा मुलगा सूपभर कोंड्याला? निदान ज्वारी तरी मागायची.

माझा स्वभाव बघता मी तिथंच कूड फोडून आत जायला हवं होतं. पण महिन्यापूर्वी मी न्हाव्यावर कोंबडी चोरल्याचा आळ घेतला होता आणि ती कोंबडी आमच्याच कणगीमागं अंड्यांवर बसलेली निघाली होती. तेव्हापासून गावात माझा शब्द कुणी धरत नव्हतं. म्हटलं, या वेळी मुद्देमालासकट पकडायचं.

साक्षीला दाजी हवेत म्हणून हिंगोलीला सरकी घेऊन निघालेल्या बन्सी गाडीवानाकडे निरोप दिला, "लेकरू विकायला निघालेत, मंगळवारी सकाळी या." बन्सी माणूस भला, पण त्याच्या तोंडात निरोप वाढतो. हिंगोलीत पोचेपर्यंत तो असा झाला होता की लेकरू विकलं, पैसे वाटून घेतले, आणि आता मंगळवारी ते हैदराबादच्या गाडीत बसवणार आहेत.

मंगळवारी मी कुळव खांद्यावर टाकला, चांदबीला ऐकू जाईल अशा आवाजात "शेतावर चाललो" म्हणालो आणि घराला वळसा घालून मागच्या उकिरड्यात शिरलो. लपायला तेवढीच जागा होती. शेणात कमरेएवढा रुतलो, अंगावर चिपाडं ओढून घेतली, डोक्यावर फुटकी दुरडी. माशा होत्या. त्या माझं वर्णन जास्त चांगलं करतील.

थोड्या वेळानं बायका आल्या. एक दोन नाही, आळीतल्या सात. सगळ्या सामील आहेत तर, मी मनात म्हटलं. सोनाकाकीच्या हातात सूप, सुपात फडक्यावर आमचं लेकरू, मुठी चोखत. तिनं सूप माझ्यापासून चार हातांवर उकिरड्याच्या कडेला ठेवलं, पाठ फिरवली आणि मोठ्यानं म्हणाली, "आमाला नको हे पोर. कुणाला पायजे त्यानं न्या."

चांदबी पुढं आली. कोंड्याचं दुसरं सूप खाली ठेवलं. "मला पायजे," म्हणाली, आणि वाकली.

मी उठलो.

शेणानं माखलेला, चिपाडं लोंबताहेत, डोक्यावर दुरडी. दोन बायका पळाल्या. एकीनं देवाचं नाव घेतलं, चांदबीनं अल्लाचं. मी झेप घेतली आणि लेकरू उचलून छातीशी धरलं. लेकरू एकटंच घाबरलं नाही. त्यानं माझ्या कानाजवळचं चिपाड पकडलं आणि तोंडात घालायला लागलं.

"खबरदार," मी ओरडलो. "माझ्या अक्काचं लेकरू हाय हे. कोंड्याच्या भावानं विकता व्हय?"

 मग सोनाकाकी हळूच म्हणाली, "किस्ना, तू उचललंस?"

"उचललं."

"चांदबीचा हात लागायच्या आधी?"

"आधी. तुमचा डाव मी ओळखला."

सोनाकाकीनं कपाळाला हात लावला आणि खालीच बसली. "गेलं सगळं. अरं मुडद्या, हे लेकरू जगावं म्हणून टाकून राहिलो आमी."

मग तिनं सांगितलं. बाळंतपणात माय गेली की काळाची नजर लेकरावरही राहते म्हणतात. म्हणून लेकरू उकिरड्यावर टाकायचं, आम्हाला नको म्हणायचं, आणि परक्या घरच्या बाईनं ते कोंड्यासारख्या कवडीमोल चिजेला विकत घ्यायचं. मग काळ दारात आला तरी त्याला वाटतं, हे तर फेकलेलं पोर, इथलं नव्हेच. चांदबी वेगळ्या घरची, वेगळ्या धर्माची. तिच्याकडे तर काळ विचारायलाही जाणार नाही.

मला हा रिवाज माहीत नव्हता का? गावात दोन उकिरडे आहेत, तीन दगडू, एक केरबा. त्यांच्यासोबत मी विटीदांडू खेळलो. पण शहाण्या आईबापांनी पोरांची नावं अशी काहून ठेवली, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, आवडलं असेल.

"मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मी विचार केला. "आरडाओरडा केला असता."

"आन् आता काय केलंस?"

चांदबी पदरानं डोळे पुसत होती. मी जवळ गेलो तर वासानं मागं सरकली, पण म्हणाली, "तुमचं शास्त्र मला काय माहीत रे बाबा. ह्या बोलल्या, लेकरू तुझ्या नावानं जगेल. मी म्हटलं, जगू दे. माझं नाव कशाला उपयोगी यायचं दुसरं?"

या बाईवर मी नजर ठेवत होतो. तेव्हा वाटलं, उकिरड्यातच परत बसावं.

"पुन्हा टाकता येतं का?" मी विचारलं.

"पुन्हा न्हाई जमत," आळीतली एक म्हातारी म्हणाली. "ज्यानं पयलं उचललं त्याचं लेकरू. आता माय तूच."

मला वाटलं चेष्टा आहे. बायका अशा बाबतीत चेष्टा करत नाहीत. मला तिथंच दगडावर बसवलं. कपाळाला हळदकुंकू लावलं, म्हणजे जिथं शेण नव्हतं तिथं लावलं. चांदबीला द्यायला आणलेला हिरवा खण माझ्या मांडीवर आला. नारळ आला, गहू आले. सोनाकाकी म्हणाली, "म्हण, पोर मला उकिरड्यावर सापडलं."

"पोर मला उकिरड्यावर सापडलं."

"कोंड्याला घेतलं."

"कोंडा चांदबीचा हाय पण."

"मी दिला म्हण," चांदबी म्हणाली. "मामा हाय. माफ."

नेमकी त्याच वेळी दाजींची गाडी आली. दाजी, शेजारी कळमनुरीच्या आत्याबाई, मागं हातात काठ्या घेतलेले जिनातले दोन गडी. बैलांच्या तोंडाला फेस. दाजी उडी टाकून धावत आले आणि जागेवरच थिजले. समोर मी. अंगभर शेण, कपाळाला कुंकू, ओटीत खण आणि नारळ, मांडीवर लेकरू, भोवती बायका.

"लेकरू कुणी विकलं?" दाजींनी विचारलं.

"सोनाकाकीनं."

"घेतलं कुणी?"

"मी."

त्याच क्षणी मागून एक आवाज आला. कोरड्या आडात दगड पडल्यासारखा. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. दारात आबा उभे होते आणि हसत होते. खोकत होते, डोळे पुसत होते, परत हसत होते. मग चालत आले, माझ्या मांडीवरचं लेकरू उचललं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. बायकांनी माना फिरवल्या. मीही फिरवली. शेणाचा वास डोळ्यांत जातो कधी कधी.

आत्याबाई मात्र कामाच्या बाई. त्यांनी लेकरू घेऊन पारखलं. कानामागं बघितलं, मांडीच्या घड्या बघितल्या, नखं बघितली. घरात जाऊन झोळीचा दोर ओढून बघितला, आडावरच्या फळ्या बघितल्या, दुधाचं भांडं हुंगलं. बाहेर येऊन चांदबीला म्हणाल्या, "बाई, मी ह्याला न्यायला आले होते. पण इतकं नीट तर माझ्या घरीबी राहायचं न्हाई. आन् आता ज्यानं उचललं त्याच्याच घरी सव्वा वर्ष ठेवावं लागतंय. लेकरू हितंच राहू द्या."

दाजींनी मान डोलावली. मी दगडावरून उठलो तर नारळ घरंगळला. म्हणजे माझ्या मूर्खपणानंच लेकरू घरात राहिलं, असं मी लगेच सगळ्यांना समजावून सांगायला लागलो. कुणी ऐकलं नाही. बायका मला आंघोळीला पाणी तापवायला गेल्या होत्या.

त्यानंतर चार दिवस आळीतून बाळंतिणीचा खाऊ आला. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा. ओट्यावरून जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "किस्ना, कंबर कशी हाय?" लाडू मी खाल्ले. फुकट कशाला घालवायचे.

पण खरी गंमत गेल्या आठवड्यात झाली. आत्याबाईंनी जाताना मनावर घेतलं होतं की या घरात बाईमाणूस पाहिजे, वर्षाच्या आत किस्नाचं उरकू. कळमनुरीच्या बाजूला स्थळं बघायला लागल्या. मुलीकडच्यांना सांगायच्या, मुलगा कष्टाळू आहे, दोन बैल आहेत, एक लेकरू आहे. लेकरू कुठलं, असं विचारलं की रिवाजाप्रमाणं सांगावं लागायचं, उकिरड्यावर सापडलं. तीन स्थळं तिथूनच परत गेली.

चौथा माणूस मुलीचा बाप म्हणून खरंच सावध होता. तो गोरेगावला आला, पण मला भेटायला नाही. थेट चांदबीसमोर जाऊन बसला. म्हणाला, "तुमी ह्या घरात रोज असता. पोराला जवळून बघता. माझी लेक द्यावी का न्हाई, खरं सांगा."

मी कुडामागं होतो. नवी धोतरजोडी नेसून, श्वास रोखून.

चांदबीनं लेकराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. बराच विचार केला. मग म्हणाली, "पोरगा जिवाचा चांगला हाय. लेक सुखात राहील. पण एक साल थांबा पाटील. ह्याचेबी अजून दात येऊन राहिलेत."